थांबवायची कळ

सोमवार, ३ जून

सकाळपासून माझी काळी खिडकी तीनदा बंद पडली. नीट चाललेल्या गोष्टीला हात लावायची हौस लोकांना कुठून येते कोण जाणे.

काळी खिडकी म्हणजे माझं ऑफिस. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मी घरूनच काम करते. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, त्यावर ती खिडकी. तिच्यात मी जे टाइप करते ते इथे घडत नाही, पाच किलोमीटरवरच्या आमच्या प्रयोगशाळेच्या सर्व्हरवर घडतं. रक्ताचे रिपोर्ट तिथून निघतात, पेशंटना मेसेज तिथून जातात. चोवीस वर्षं हेच करतेय. आता डोक्याला विचारावंसुद्धा लागत नाही, बोटंच करतात.

शनिवारी त्या खिडकीचं सॉफ्टवेअर बदललं. चुकलेला शब्द खोडायला मी कंट्रोल आणि डब्ल्यू दाबते, एका फटक्यात शब्द जातो. आज शब्द राहिला आणि खिडकी गेली. पुन्हा पासवर्ड, पुन्हा श्रीगणेशा.

सकाळी टीपकागदाची टीप आली होती. टीपकागद म्हणजे आमच्या सिस्टिम विभागाचे गृहस्थ. नाव मीच ठेवलंय. जिथे जे सांडेल ते टिपून घेतात आणि मग आपल्यावर पिळतात. ह्या खेपेला अकरा पानं! मी आईला स्क्रीन दाखवला. "बघ, खिडकी कशी उघडायची ह्यावर अकरा पानं. उद्या दार कसं लोटायचं ह्यावर ग्रंथ लिहील हा माणूस." आई पोट धरून हसली. खाली 'वाचले व समजले' असं बटण होतं. ते दाबल्याशिवाय काम सुरू होत नव्हतं, म्हणून दाबलं.

गुरुवार, ६ जून

टीपकागदाचा फोन.

"ताई, नवीन बटणांची काही अडचण नाही ना?"

"मला? छे हो."

"नाही, म्हटलं विचारावं. पान सात तेवढं एकदा बघून ठेवा, कारण त्यात—"

"अहो, वाचलंय मी."

फोन ठेवल्यावर आई म्हणाली, "त्याचं वाक्य तरी पुरं होऊ द्यायचं होतंस." आईचे कान ऐंशीव्या वर्षी असे तिखट आहेत की घरातून काम करणाऱ्या माणसाची काही खासगी बाब उरत नाही.

पान सात बघायचं म्हणून फाइल शोधायला घेतली, तेवढ्यात बेल वाजली. मग राहिलं ते राहिलंच. डब्ल्यूचा नाद सोडलाय, एकेक अक्षर खोडते. जमतंय. चोवीस वर्षांपूर्वी टीप कुठे होती?

शुक्रवार, १४ जून



रक्त तपासायचं एक यंत्र बिघडल्याचं काल कळलं. पोटॅशियमचे आकडे ते कमी दाखवत होतं. चौदा जणांना 'ठीक' म्हणून रिपोर्ट गेलेत, पण ते ठीक असतीलच असं नाही, आणि पोटॅशियम फार वाढलं तर हृदय थांबू शकतं. मोठ्या मॅडमनी, म्हणजे आमच्या मुख्य डॉक्टरांनी, सकाळी सांगितलं, "त्या चौदांना आत्ता मेसेज पाठवा. उद्यापर्यंत जो येणार नाही त्याला फोन करू."

मजकूर असा: 'आपल्या तपासणीत शंका आढळली आहे. कृपया तातडीने पुन्हा रक्त देण्यास यावे.'

यादीचं नाव टाइप करताना माझं एक अक्षर चुकलं. चौदांच्या यादीऐवजी महिन्याची यादी घेतली गेली. एंटर मारलं आणि खिडकीत आकडे पळायला लागले. तिसऱ्या-चौथ्या ओळीलाच मला कळलं. कंट्रोल-सी दाबलं. चालू काम थांबवायची ती कळ, चोवीस वर्षांत कधी दगा दिला नव्हता. आकडे पळतच होते. पुन्हा दाबलं. अकरा वेळा तरी दाबलं असेल. एका कोपऱ्यात 'कॉपी झाले' अशी इवलीशी अक्षरं उमटत होती, दर वेळी. मी मजकूर कॉपी करत होते! मग खिडकीच बंद केली. उघडून बघते तर तिकडे काम चालूच. सर्व्हर रूमला फोन लावला, कुणी उचलेना. चार मिनिटांत सगळं संपलं.

एक हजार एकशे त्रेसष्ट माणसं.

अर्ध्या तासात निस्तरलं मात्र. दुसरा मेसेज तयार केला: 'आधीचा मेसेज चुकून गेला. कृपया दुर्लक्ष करावे. आपल्याला येण्याची गरज नाही.' ह्या वेळी यादी तीनदा तपासली. अकराशे त्रेसष्टच्या अकराशे त्रेसष्ट, एकही सुटला नाही.

दुपारी फोनवर मीटिंग झाली. मोठ्या मॅडमचा आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त लागलं. "त्या चौदांना तरी गेला ना?" मी म्हटलं, "हो, गेला. महिन्याच्या यादीत ते आहेतच." मग त्यांनी विचारलं, "थांबवता का आलं नाही?"

मी म्हणाले, "अपडेटमध्ये बटणं बदललीत. तशी काही सूचना मला मिळाली नव्हती."

वाक्य तोंडातून गेलं ते गेलं. टीपकागद लाइनवर होते. मग ते म्हणाले, "मी तपासून सांगतो."

संध्याकाळी आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मग त्या दिवशी अकरा पानं आली म्हणून हसलो, ती कसली होती गं?"

"ती वेगळी," मी म्हटलं.

शनिवार, १५ जून

नुसता मेसेज पाठवून भागणार नाही, सगळ्यांना फोन करून माफी मागायची, असं मोठ्या मॅडमनी ठरवलंय. सहा जणांत वाटणी झाली. माझ्या वाट्याला एकशे चौऱ्याण्णव.

पहिल्या वीसांतच जीव मेटाकुटीला आला. एक गृहस्थ शिव्या देऊन मोकळे झाले, ते बरं वाटलं. एका बाईंचं सहा महिन्यांचं औषधपाणी मागच्याच आठवड्यात संपलंय. मेसेज वाचून त्या तशाच घरच्या कपड्यांत प्रयोगशाळेत आल्या होत्या म्हणे आणि काउंटरसमोरच्या बाकावर बसून राहिल्या होत्या. मला म्हणाल्या, "तुमचं काही नाही हो, मशीनच ते." मी "हो" म्हटलं. मशीनच, म्हटलं.

एक म्हातारे आजोबा हसले. "म्हणजे मला काही झालेलं नाही? अरेरे. कालपासून सुना फार गोड बोलतायत."

सोमवार, १७ जून

टीपकागदांना नोटीस मिळाली. सूचना पोहोचवण्यात कसूर केली म्हणून लेखी खुलासा द्या. काउंटरवरच्या मुलीने मला अगदी खुशीत सांगितलं, "बरं झालं, नाहीतरी फार लांबण लावतात." मी काही बोलले नाही. न बोलणंही एक बोलणंच असतं, हे मला ह्या वयात शिकावं लागतंय.

दुपारी त्यांचाच फोन आला. मला वाटलं भांडतील. त्यांनी विचारलं, "ताई, माझ्या टिपा फार लांब होतात का?"

"का हो?"

"नाही, विचार करत होतो. कामाची गोष्ट पहिल्या ओळीत हवी होती. मी ती पान सातवर नेऊन ठेवली. लोक उघडतात, पण वाचत नाहीत. चूक लिहिणाऱ्याचीच म्हणायची."

"एवढं मनाला लावून घेऊ नका," मी म्हटलं. ते थोडं थांबले, जणू मी आणखी काही बोलणार आहे. मग "बरं, ठेवतो" म्हणाले. उगाच सहानुभूती गोळा करत होते की काय, कळलं नाही. पण जेवण गेलं नाही.

मंगळवार, १८ जून

हे लिहायलाच हवं, नाहीतर उद्या मी स्वतःलाही वेगळं काही सांगेन.

सकाळी फोनच्या यादीत एका नावापुढे चांदणी दिसली. त्या चौदांपैकी एक. मी नेहमीच्या तालात सुरुवात केली, "आधीचा मेसेज चुकून..." आणि जीभ तिथेच अडकली. त्यांचा मेसेज चुकून गेलेला नव्हता. चौदांना खरंच यायचं होतं. आणि 'येण्याची गरज नाही' हे मी अकराशे त्रेसष्टच्या अकराशे त्रेसष्टांना कळवलं होतं. तीनदा तपासून.

मोठ्या मॅडमनी विचारलं होतं, चौदांना गेला ना? मी हो म्हणाले होते. शनिवारी त्यांना फोन करायचे होते तेही माफीच्या फोनांत कुणाच्या ध्यानात राहिले नाहीत.

तेव्हाच मॅडमना कळवायचं होतं. मी कळवलं नाही. आधी आपण गुपचूप निस्तरू, मग सांगू, असं वाटलं. चौघे पहिला मेसेज वाचून तडक येऊन गेले होते. नऊ जण फोनवर सापडले, लगेच जा म्हणून सांगितलं. चौदाव्याचा फोन बंद. दुकानांच्या पाट्या रंगवणारे एक पेंटर, वय अठ्ठावन्न. सकाळपासून चाळीस वेळा लावला असेल. बंद.

चार वाजता आईने माझ्यासमोर चहा ठेवला आणि खुर्ची ओढून बसली. "कुणाचं काय झालंय?"

मी सगळं सांगितलं. टिपेचंही. शेवटी आई म्हणाली, "लहानपणी तू बरणी फोडलीस की मांजरावर ढकलायचीस. मला कळायचं, पण मी बोलायचे नाही. वाटायचं, मोठी झाली की सुटेल. तेव्हाच एक ठेवून द्यायला हवी होती."

"आई, आता काय करू?"

"मला काय विचारतेस? तो माणूस शोध आधी. बरणीचं नंतर."

मग मोठ्या मॅडमना फोन केला. चौदांचं सांगितलं. टिपेचं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "चार दिवस गेलेत. पत्ता घ्या आणि कुणीतरी निघा."

पत्ता टीपकागदांकडे. त्यांनी का, कशाला, काही विचारलं नाही. म्हणाले, "तुमच्या गुडघ्याला बस झेपायची नाही. मी स्कूटर घेऊन येतो."

बुधवार, १९ जून

कालचं आज लिहितेय.

पेंटरचं दुकान एका अरुंद गल्लीत, दोन दुकानांच्या मधे कोंबल्यासारखं. शटर बंद, शटरवर त्यांनीच काढलेली सुरेख अक्षरं. शेजारी केस कापायचं दुकान. तिथला माणूस गिऱ्हाइकाच्या मानेवरचा वस्तरा न उचलता म्हणाला, "परवाच गेलाय, शाळेची भिंत रंगवायला, नदीपलीकडे. फोन पाण्यात पडला त्याचा. खुशीत होता. रिपोर्ट चांगला आला म्हणाला, मेसेज दाखवला मला."

टीपकागदांनी माझ्याकडे पाहिलं नाही. नुसती स्कूटर वळवली.

शाळेला सुट्टी होती. मोकळ्या आवारात लांबच लांब पांढरी भिंत, तिच्यावर अर्धं रंगवलेलं जहाज. पेंटर शिडीच्या खालच्या पायरीवर बसून होते. हातात कुंचला, पण रंग वाळून कडक झालेला. बायको बाजूला डबे धूत होती.

मी म्हटलं, "आम्ही प्रयोगशाळेतून आलोय. तुम्हाला आत्ताच्या आत्ता चलायला हवं."

"पण येऊ नका म्हणून कळवलंत ना?"

"ते चुकून कळवलं."

"आणि त्याच्या आधीचं?"

"ते बरोबर होतं."

ते हसले. "तुमचं एक काहीतरी ठरवा बाई." मग पायांकडे बघून म्हणाले, "दोन दिवस पाय शिशासारखे झालेत. वाटलं, वय झालं. शिडी चढवेना म्हणून जहाज खालूनच रंगवत होतो."

उठायला गेले तर उठता येईना. टीपकागदांनी शाळेच्या पहारेकऱ्याला त्याची गाडी काढायला लावली. आम्हा तिघांना मागे बसवलं आणि स्वतः पुढून स्कूटर हाकत वाट दाखवत राहिले. हॉस्पिटलात पोहोचल्यावर वीस मिनिटांत पोटॅशियमचा आकडा आला. तिथल्या डॉक्टरांनी तो बघून कागद हातातून खालीच ठेवला नाही, धावतच आत गेले.

पेंटरच्या बायकोने बाहेर माझे दोन्ही हात धरले. "ताई, तुम्ही शोधत आलात म्हणून. आजकाल कोण येतं हो? नाहीतर आम्ही त्या मेसेजवर विसंबून बसलो असतो."

मी हात सोडवून घेतले नाहीत. घ्यायला हवे होते.

परत येताना टीपकागद एका बंद पेट्रोल पंपापाशी थांबले, म्हणाले, जरा पाय मोकळे करा. मी स्कूटरवरून उतरले आणि उतरता उतरताच म्हणाले, "टीप आली होती मला."

"हो."

"म्हणजे तुम्हाला—"

"तीन तारीख, नऊ वाजून बारा मिनिटं. उघडल्यावर चौथ्या सेकंदाला तुम्ही 'समजले' दाबलंत. नोंद राहते त्याची."

"मग मीटिंगमध्ये बोलला का नाहीत? सोमवारी फोन केलात तेव्हाही?"

ते हेल्मेटचा पट्टा उगीच घट्ट-सैल करत होते. "वाटलं, तुम्हीच बोलाल. माझी पहिली टीप तुम्हीच तपासून दिली होती, बारा वर्षांपूर्वी. लाल शाईने लिहिलं होतं, 'उत्तम, पण थोडक्यात.' मी लोकांना सांगतो अजून, की ताई सगळं वाचतात."

मला ते आठवतही नव्हतं.

गुरुवार, २० जून

पेंटर वाचले. अजून दोन-तीन दिवस हॉस्पिटलात ठेवणार आहेत. मोठ्या मॅडमनी उद्या सकाळी सगळ्यांना प्रत्यक्ष बोलावलंय.

लेखी खुलासा चार वेळा लिहिला. पहिल्यात 'अनवधानाने' होतं. दुसऱ्यात 'कामाच्या ताणामुळे'. तिसऱ्यात 'अपडेटनंतरच्या गोंधळात'. आईने चष्मा लावून तिन्ही वाचले आणि म्हणाली, "ह्यात तू कुठे आहेस?"

चौथा दोन ओळींचा झाला.

शुक्रवार, २१ जून

वर्षभराने त्या इमारतीत गेले. जिन्याला नवीन कठडा, खुर्च्या त्याच. सगळे बसलेले असताना उभी राहून वाचलं: 'सूचना मला ३ तारखेला मिळाली होती. मी न वाचता वाचल्याचं कळवलं, आणि नंतर मिळाली नाही असं खोटं सांगितलं.'

काउंटरवरची मुलगी जमिनीकडे बघायला लागली. ते सगळ्यात अवघड गेलं. माझी लाज तिला वाटत होती.

मोठ्या मॅडम म्हणाल्या, "बटण कुणाचंही चुकेल. त्यासाठी मी तुम्हाला काही म्हणाले नसते." टीपकागदांची नोटीस तिथल्या तिथे मागे घेतली. मेसेज पाठवायचा माझा अधिकार काढून घेतलाय. यापुढे मी फक्त याद्या तपासायच्या, पाठवणार दुसरं कुणी. आणि यादी पंचवीस नावांपेक्षा मोठी असेल तर दोघांनी होकार दिल्याशिवाय मेसेज जाणारच नाही, अशी सोय टीपकागद करतायत. त्याची टीप त्यांनी मला तपासायला पाठवलीय. पाच ओळींची आहे. मी ती सहा वेळा वाचली. एकही चूक सापडली नाही, आणि तरी मी अजून 'समजले' दाबलेलं नाही.

सोमवार, २४ जून

एक उरलं होतं. आज हॉस्पिटलात गेले.

खोलीत चार खाटा, पेंटर खिडकीजवळच्या खाटेवर, झोपलेले. रंग बराच सुधारलाय. बायको स्टुलावर बसून त्यांची नखं खरवडत होती, निळा रंग निघत नव्हता म्हणून. मला बघून चटकन उठली. "या ताई, या. बसा." स्टूल माझ्याकडे सरकवलं.

मी बसले नाही. म्हटलं, "मला तुम्हाला एक सांगायचंय. मी तुम्हाला शोधत आले ते खरं. पण येऊ नका असा जो मेसेज आला, तो मीच पाठवला होता. आणि त्या आधीचा सगळा घोळही माझाच."

तिला आधी नीट उमगलं नाही. मी पुन्हा सांगितलं, तिखटमीठ न लावता, काही न गाळता. ती पेंटरच्या हाताकडे बघत होती.

"तो दुसरा मेसेज आला ना," ती हळूच म्हणाली, "तेव्हा ह्यांनी मला कमरेला धरून घरभर फिरवलं. तीस वर्षांत पहिल्यांदा. मी म्हटलं, अहो पडाल, तरी ऐकेनात. नंतर दम लागला म्हणून बसले, तर मी हसले त्यांना. म्हटलं, एवढ्यात दमलात?"

मला वाटलं ती ओरडेल. मी त्याची तयारी करून गेले होते. ओरडली नाही. तिने हात पुढे करून स्टूल स्वतःकडे ओढून घेतलं, बसली आणि पुन्हा नखांकडे वळली.

तेवढ्यात पेंटर जागे झाले. डोळे किलकिले करत त्यांनी विचारलं, "कोण आलंय गं?"

"कोणी नाही," ती म्हणाली. "लॅबमधल्या बाई आहेत."